दवाखान्याच्या फाइल सर्व्हरला प्रोसेसर किती शक्तिमान हवा?

काही वर्षांपूर्वी बेळगावातील आमच्या दवाखान्यात एका रुग्णाच्या छातीच्या एक्स-रेमध्ये लहानशी गाठ दिसली. अशा वेळी आपण सारेच प्रथम विचारतो, ‘जुना एक्स-रे आहे का?’ दोन वर्षांत गाठ वाढली नसेल, तर ती बहुधा निरुपद्रवी असते. जुना एक्स-रे आमच्याकडेच काढलेला होता. परंतु तो ज्या सर्व्हरवर साठवला होता, त्याची एकुलती एक हार्ड डिस्क त्याच पावसाळ्यात निकामी झाली होती. रुग्णाला सीटी स्कॅनचा खर्च आणि अनेक दिवसांची धास्ती सोसावी लागली. गाठ जुन्या क्षयाची खूण निघाली, हे त्याचे सुदैव.

खंत ही, की सर्व्हर घेताना मी हात आखडता घेतला नव्हता. विक्रेत्याच्या आग्रहावरून आठ कोअरचा महागडा प्रोसेसर घेतला आणि उरलेल्या रकमेत एकच डिस्क बसवली. निदान चुकले, म्हणून उपचारही चुकला.

फाइल सर्व्हरचे काम दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनासारखे असते. मागितलेला कागद काढून द्यायचा, आलेला जागेवर ठेवायचा. आकडेमोड फारशी नाही. २००० गुणिले २५०० बिंदूंचा एक्स-रे घ्या. प्रत्येक बिंदूस २ बाइट धरले, तर तो सुमारे १० मेगाबाइटचा होतो. गिगाबिट नेटवर्कची कमाल गती सेकंदाला १२५ मेगाबाइट. म्हणजे एक एक्स-रे सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्शात पोहोचतो. ही मर्यादा तारेची आहे. प्रोसेसर कितीही बलवान घेतला, तरी ती वाढत नाही. इंटेलचा २०२३ साली आलेला चार कोअरचा, ६ वॅटचा एन१०० हा साधा प्रोसेसरही आठ-दहा संगणकांच्या दवाखान्याचे एवढे काम सहज पेलतो.

मग निवडताना काय पाहावे? कोअरच्या संख्येइतकीच एका कोअरची गती पाहावी. लिनक्सवरील सांबा ही प्रणाली प्रत्येक संगणकाच्या जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालवते; त्यामुळे एकाच व्यक्तीला मोठी फाइल हवी असेल, तर अधिक कोअरचा लाभ थोडाच होतो. दुसरे, रुग्णांची माहिती सांकेतिक रूपात साठवायची असल्याने प्रोसेसरमध्ये एईएसची अंगभूत सोय हवी. तिसरे, मेमरीतील एका बिटची चूक आपोआप सुधारणारी ईसीसी मेमरी शक्य तर घ्यावी. मात्र प्रोसेसर आणि मदरबोर्ड या दोहोंना ती चालते ना, याची आधी खात्री करावी. चौथे, सर्व्हर अहोरात्र चालतो. सरासरी ४० वॅटचा फरक वर्षाला सुमारे ३५० युनिट विजेचा होतो, शिवाय उष्णता कमी आणि यूपीएसवर यंत्र अधिक वेळ तग धरते. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या आपल्या भागात हा लाभ लहान नाही.

त्याच यंत्रावर रुग्णालयाचा डेटाबेस, सीटी-एमआरआयच्या त्रिमितीय प्रतिमांची जुळणी किंवा अनेक आभासी संगणक चालवायचे असतील, तर मात्र सहा-आठ कोअरचा प्रोसेसर योग्य ठरतो. ते काम साठवणुकीचे नसून गणनेचे आहे.

प्रोसेसरवर वाचलेले पैसे कुठे घालावेत, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. एकमेकींची प्रतिकृती ठेवणाऱ्या दोन डिस्क, चांगला यूपीएस आणि दवाखान्याबाहेर ठेवलेला नियमित बॅकअप. दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते. बॅकअपमधून एखादी फाइल परत काढूनही अधूनमधून पाहावी.

नवा सर्व्हर घेण्यापूर्वी, वैद्यकबंधू-भगिनींनो, विक्रेत्याला ‘प्रोसेसर किती वेगवान?’ हे विचारण्याआधी ‘उद्या डिस्क गेली तर माझ्या रुग्णाचा एक्स-रे कुठून मिळेल?’ हे विचारावे. मी तो प्रश्न विचारला नव्हता. त्याची किंमत मात्र रुग्णाने मोजली.