शिल्लक कशाला म्हणायचं?

बँकेच्या कर्जविभागात असताना मला एक खोड लागली. कुठल्याही कारखान्याचा ताळेबंद हातात आला की नफ्याआधी मी घसाऱ्याची ओळ पाहायचो. यंत्र झिजतंय, ते बदलायला पैसा कुठून येणार? एका यंत्रमागवाल्याने चांगल्या सालातली रोकड शिल्लक समजून घरी नेली होती. नव्या मागांच्या कर्जासाठी तो आमच्याकडे आला, तोवर त्याचं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं होतं. निवृत्तीनंतर हीच ओळ मी इंटेलच्या हिशेबात शोधत बसलो.

रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ साली काढलेली ही कंपनी. आपल्या घरच्या संगणकात वर्षानुवर्षं तिचीच चिप होती. २०१८ मध्ये तिने १०.७ अब्ज, २०१९ मध्ये १३.६ अब्ज आणि २०२० मध्ये १४.२ अब्ज डॉलर खर्चून स्वतःचेच शेअर बाजारातून परत घेतले. तीन वर्षांत साडेअडतीस अब्ज, लाभांश वेगळा. २०२० मध्ये कारखाने आणि यंत्रं यांवरचा खर्चही साधारण १४ अब्जच होता.

शेअरची अशी पुनर्खरेदी केली की शेअरांची संख्या घटते आणि नफा एका रुपयाने वाढला नाही तरी दर शेअरमागचा नफा वाढलेला दिसतो. अनेक कंपन्यांत वरिष्ठांचा बोनस याच आकड्याला बांधलेला असतो, हे इथे नोंदवून ठेवतो. पण ही प्रथा मुळातच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. बिस्किटं करणाऱ्या कंपनीकडे पैसा साचला आणि तिला नवी भट्टी नको असेल, तर तो मालकांना परत देणं हाच प्रामाणिकपणा. शिवाय साचलेला पैसा कंपनीतच ठेवला तर तो सत्कारणी लागतो असंही नाही. याच इंटेलने २०१५ मध्ये आल्टेरा ही कंपनी १६.७ अब्जांना घेतली आणि २०२५ मध्ये तिचा ५१ टक्के हिस्सा विकला, तेव्हा सगळ्या आल्टेराची किंमत ८.७५ अब्ज धरली गेली. त्यापेक्षा पुनर्खरेदी परवडली असती!

चिपच्या धंद्यात भट्टी मात्र दर दोन-तीन वर्षांनी नवी लागते आणि प्रत्येक नवी आधीच्यापेक्षा महाग असते. सगळ्यांत बारीक रेषा उमटवणारं यंत्र जगात एकच कंपनी करते, नेदरलँड्समधली एएसएमएल. कथिलाच्या थेंबांवर लेसर मारून त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश काढायचा, असा तो खटाटोप. या संशोधनासाठी २०१२ मध्ये एएसएमएलमध्ये पैसा घालणाऱ्यांत इंटेलचा वाटा सर्वांत मोठा होता, चार अब्जांहून अधिक. तरी या प्रकाशावर केलेली इंटेलची चिप बाजारात आली २०२३ मध्ये. तैवानच्या टीएसएमसीने ते २०१९ मध्येच साधलं होतं. म्हणजे दोष केवळ पैशाचा नव्हता. तंत्राची निवडही चुकली. पण चूक झाल्यावर सावरायला जो पैसा लागतो, तो आधीच वाटून झाला होता.

टीएसएमसीचं वागणं पाहा. २००९ च्या मंदीत मॉरिस चँग ७७ व्या वर्षी पुन्हा कारभार हाती घ्यायला आले. त्या साली भांडवली खर्च २.७ अब्ज डॉलर होता. पुढच्या साली त्यांनी तो ५.९ अब्जांवर नेला. २०२१ मध्ये तो ३० अब्ज झाला. भागधारकांना लाभांश नियमित मिळतच राहिला, पण पंगतीत त्यांचं पान कारखान्यानंतर.

माझ्या मते चिप कंपनीने शिल्लक मोजताना पुढच्या दोन पिढ्यांच्या कारखान्यांचा पैसा आणि एका मंदीची तरतूद आधी बाजूला काढावी. या धंद्यात मंदी हमखास येतेच. त्यानंतर झेपेल तेवढा लाभांश द्यावा, आणि उरलंच तर पुनर्खरेदी, तीही भाव खरोखर पडलेला असताना. भाव पडलाय की कंपनीच घसरलीय, हे ओळखणं अवघड असतं. २०२० च्या जुलैत इंटेलने पुढच्या पिढीची चिप लांबल्याचं सांगितलं आणि शेअर एका दिवसात १६ टक्क्यांनी कोसळला. ऑगस्टमध्ये, आपला शेअर स्वस्तात मिळतोय अशा समजुतीने, कंपनीने आणखी दहा अब्जांची पुनर्खरेदी जाहीर केली. भाव होता पन्नास डॉलरच्या आतबाहेर.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंधरा हजारांच्या आसपास नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली, लाभांशही थांबला. पुढच्या वर्षी, देऊ केलेल्या अनुदानाच्या बदल्यात, अमेरिकी सरकारने सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. त्यासाठी इंटेलने जे नवे शेअर काढून दिले, त्यांचा भाव होता २०.४७ डॉलर.