वाढदिवसाचं कार्ड वेबसाईटवर, पण जपून

वैरागहून पुण्याला, आखातात कामाला गेलेल्या अब्बूंसाठी मुलं आता वाढदिवसाचं कार्ड वेबसाईटवरच बनवू शकतात. खर्च काही नाही. एचटीएमएलच्या फाइलला 'इंडेक्स' नाव द्या, सोबत चित्र आणि धाकट्याच्या आवाजातली दुआ ठेवा, गिटहब पेजेसवर चढवा, लिंक व्हॉट्सॲपवर पाठवा. आवाज बहुतेक मोबाईलवर आपोआप वाजत नाही, म्हणून बटण हवंच.

पण एक गोष्ट घरोघरी विसरली जाते. मोफत खात्यावरचं हे पान कुणीही उघडू शकतं. लिंक फक्त घरच्यांना दिली म्हणून ते खासगी होत नाही. जन्मतारीख तर बँकेत ओळख पटवायलाही विचारतात! तेव्हा तारीख, मोबाईल नंबर, मुलीचा फोटो, शाळेचं नाव नको. लाडाचं नाव पुरे. आणि वाढदिवस झाला की पान काढून टाका.