‘ए’ कुठे ऐकू येतो?

पहिलीचा वर्ग. फळ्यावर मोठा ‘ए’ काढलेला. बाईंनी विचारले, “ए कशाचा?” सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “ए एडक्याचा!” पाटीवर प्रत्येकाने ‘ए’ गिरवलेला होता आणि तो बहुतेकांचा चांगला जमलेला होता.

मग आम्ही फळ्यावर ‘शेत’ हा शब्द लिहिला, तो वाचून दाखवला आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलीला विचारले, “यात ए कुठे आहे?” तिने बराच वेळ फळ्याकडे पाहिले आणि ठामपणे सांगितले, “यात ए नाहीच.”

तिचे काही चुकले होते का? तिला ‘ए’ म्हणून एक आकृती दाखवली होती. ती आकृती ‘शेत’ या शब्दात खरोखरच नाही. ‘ए’ हा आधी एक आवाज आहे आणि तो ‘शेत’ म्हणताना तिच्याच तोंडातून निघतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. जाता जाता आम्ही विचारले, “एडका म्हणजे काय ग?” उत्तर आले, “ते चित्र.”

अशी मुले पुढे दोनतीन महिन्यांत एका शेऱ्याची धनी होतात: ‘अक्षरे ओळखते, पण वाचता येत नाही.’ हा शेरा मुलांवर बसण्याआधी आपण आपली शिकवण्याची रीत तपासून पाहू या. उदाहरणासाठी एकच स्वर घेऊ, ‘ए’.

आधी आपल्या तोंडात

मुलांना शिकवण्यापूर्वी हा स्वर आपण स्वतः तपासून पाहणे बरे. हाताची मूठ हनुवटीखाली टेकवा आणि सावकाश म्हणा: ई… ए… ॲ… आ. प्रत्येक पायरीला हनुवटी मुठीला थोडी थोडी खाली दाबते. ‘ई’ म्हणताना जिभेचा पुढचा भाग टाळूच्या अगदी जवळ असतो, ‘ए’ला तो थोडा खाली येतो, ‘ॲ’ला आणखी खाली आणि ‘आ’ला तोंड पुरते उघडते. आता ‘ए’ म्हणता म्हणता ‘ओ’ म्हणा. पसरलेले ओठ गोल होतात आणि जीभ मागे सरकते. समोर आरसा धरला तर मुलांनाही हे दिसते.

दुसरा प्रयोग. ‘ए’ खालच्या पट्टीत म्हणा, मग वरच्या पट्टीत म्हणा. सूर बदलला, पण ‘ए’ हा ‘ए’च राहिला. आता तोच ‘ए’ कुजबुजत म्हणा. कुजबुजताना गळ्यातल्या स्वरतंतूंचे कंपन थांबते. गळ्यावर बोट ठेवले तर थरथर जाणवत नाही. तरीही शेजारच्याला ‘ए’ ओळखू येतो. म्हणजे सूर गळ्यात ठरतो, पण स्वर कोणता ते तोंडाच्या पोकळीचा आकार ठरवतो. नळाखाली कळशी भरताना आतली मोकळी जागा कमी होत जाते, तसा आवाजही बदलत जातो, हे आपण रोज ऐकतो. तोंडाची पोकळीही अशीच आहे. जीभ हलली की पोकळीचा आकार बदलतो आणि स्वर बदलतो.

हे प्रयोग पाच मिनिटांत होतात आणि मुलांना फार आवडतात. त्यातून ‘ए’ ही आपण तोंडाने करायची गोष्ट आहे, हे न सांगताच कळते.

एडक्याची अडचण

तक्त्यावर ‘ए’साठी एडका येतो, कारण ‘ए’ने सुरू होणारे आणि चित्र काढता येण्यासारखे शब्द मराठीत फारच थोडे आहेत. एक, एकटा, एवढा, एरवी यांचे चित्र कसे काढणार? पण एडक्यात दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण ओळखीची. मेंढरे पाळणाऱ्या घरातले मूल सोडले तर हा शब्द फार थोड्या मुलांच्या बोलण्यात असतो. चित्र पाहून काही मुले ‘मेंढी’ म्हणतात, काही ‘बोकड’. चित्र म्हणते एक आणि अक्षर सांगते दुसरेच!

दुसरी अडचण उच्चाराची आहे आणि ती सहसा लक्षात येत नाही. शब्दाच्या सुरुवातीला ‘ए’ आला की पुष्कळ मराठी माणसे त्याच्या आधी हलकासा ‘य’ लावतात: येक, येवढा, येरंड, येडका. जुन्या पोथ्यांत आणि कागदपत्रांत ‘येक’ असेच लिहिलेले अनेकदा सापडते. म्हणजे ज्या जागी ‘ए’ सर्वांत कमी स्वच्छ ऐकू येतो, नेमकी तीच जागा आपण शिकवायला निवडतो.

शब्दाच्या मध्ये आणि शेवटी मात्र तो स्वच्छ असतो. आणि तिथे शब्दांना तोटा नाही: शेत, शेण, शेळी, केस, पेरू, मेथी, तेल, वेल, रेघ, बेडूक, खेकडा, भेंडी, ससे, फुगे, डोळे. शिवाय ‘ए’ हा मुलांच्या तोंडातला एक पूर्ण शब्दच आहे. “ए आई!”, “ए, थांब ना!” असे मूल दिवसातून कितीदा म्हणत असेल? या हाकेपासून सुरुवात केली तर चित्राची गरजच नाही.

चिंचोके आणि काड्या

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ दानील एल्कोनिन यांनी ध्वनी ओळखण्यासाठी एक सोपी युक्ती वापरली होती. शब्दात जितके ध्वनी तितक्या चौकटी आखायच्या आणि शब्द सावकाश उच्चारत मुलाने प्रत्येक चौकटीत एकेक सोंगटी ठेवायची. मराठीत ती जशीच्या तशी करायला गेलो तर अडखळायला होते. ‘शेत’मध्ये श्, ए, त् असे तीन ध्वनी आहेत, पण आपली मुले सहजपणे दोनच तुकडे करतात: शे, त. यात वावगे काही नाही. आपली लिपी अक्षरांची आहे आणि कानही अक्षरेच आधी टिपतो. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांतील मुलांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. त्यातही मुलांना अक्षरांचे तुकडे लवकर कळतात आणि अक्षराच्या आतला सुटा ध्वनी उशिरा, सावकाश कळतो असे दिसले. कन्नड लिपीची घडण आपल्या लिपीसारखीच आहे.

म्हणून आम्ही खेळात थोडा बदल केला. लागतात फक्त चिंचोके आणि खराट्याच्या छोट्या काड्या.

शिक्षक शब्द म्हणतात: “शेत.” मुले दोन चिंचोके ठेवतात. मग प्रश्न: “ए कुठल्या चिंचोक्यात ऐकू आला?” ज्यात ऐकू आला त्याच्या वर तिरकी काडी ठेवायची. ‘पेरू’ म्हटले की काडी पहिल्यावर. ‘फुगे’ म्हटले की दुसऱ्यावर. ‘भाकर’ म्हटले की काडी हातातच राहते. असे फसवे शब्द मध्येमध्ये टाकावेतच. ‘पेढा’ला एक काडी आणि ‘पेढे’ला दोन! ‘शेंगदाणे’ आला की चार चिंचोके मांडून काड्या कुठे कुठे ठेवायच्या यावर गट आपसांत वाद घालतात. हा वाद होऊ द्यावा. शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहण्याखेरीज तो मिटत नाही आणि आपल्याला हवे असते ते हेच.

कान आणखी तयार करायचा असेल तर जोड्या म्हणून पाहाव्यात: वड–वेड, मळा–मेळा, काळ–केळ. शेजारच्या स्वरांशीही तुलना करावी: बी–बे, बेट–बॅट, पेन–पॅन. ‘बॅट’मधला ‘ॲ’ मुलांच्या बोलण्यात केव्हाच आला होता. राज्य शासनाने २००९ साली ठरवलेल्या वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना जागाही मिळाली.

काडीची मात्रा होते

तीनचार दिवस हा खेळ झाला की फळ्यावर फारसे काही शिकवावे लागत नाही. चिंचोक्यांच्या जागी अक्षरे लिहायची आणि काडीच्या जागी तिरकी रेघ. मात्रा तयार! मुलांनी कानाने ऐकून ठेवलेली काडीच ती.

मग ‘एसटी’ हा शब्द द्यावा. तो बहुतेक गावांतल्या मुलांना एडक्याहून जवळचा असतो. ए-स-टी. इथे ‘ए’ची काडी कशावर ठेवायची? खाली कोणी नाहीच! इथे मुले थबकतात आणि आपल्याला नेमकी गोष्ट सांगायची संधी मिळते. “ए कधी दुसऱ्याच्या खांद्यावर बसतो, तेव्हा तो काडी असतो. कधी त्याला कोणाचा खांदा मिळत नाही, तेव्हा तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. तेव्हा तो असा दिसतो: ए.” एकाच आवाजाची दोन रूपे आहेत, हे इथे एकदाच आणि नीट कळते.

ही दोन रूपे आजची नाहीत. सम्राट अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपीत, म्हणजे सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, सुटा ‘ए’ त्रिकोणासारखा लिहीत आणि व्यंजनाला जोडलेला ‘ए’ म्हणजे अक्षराच्या वरच्या टोकाला डावीकडे काढलेली आखूड रेघ. अशोकाचे लेख आपल्या नालासोपाऱ्यालाही सापडले आहेत. गुजरातीत आजही ‘अ’वर मात्रा देऊनच ‘ए’ लिहितात. मराठीतही अशी ‘अ’ची बाराखडी सावरकरांनी सुचवली होती, पण ती रुळली नाही. त्यामुळे आपल्या मुलांना दोन्ही रूपे शिकावी लागतात. ती एकत्र शिकवली तर ओझे वाटत नाही. आधी चौदा स्वर आणि बऱ्याच महिन्यांनी बाराखडी असे केले तर मात्र दोन्ही एकाच आवाजाची आहेत हे मुलाला कधी उमगतच नाही.

‘शे’ वाचताना काही मुले ‘श-ए’ असे तोडून म्हणतात आणि त्यांचे ‘शेत’ ‘शएत’ होते. मात्रा आली की ‘श’मधला ‘अ’ बाहेर जातो आणि ‘ए’ आत येतो. हे नियम म्हणून सांगण्यापेक्षा तोंडाने करून दाखवावे. श, स, म, न, ल, र यांचे आवाज लांबवता येतात: श्श्श्श्…ए, म्म्म्म्…ए. क, ट, प असे लांबवता येत नाहीत, म्हणून ते नंतर घ्यावेत. आणि ‘ऐ’ काही आठवडे दूरच ठेवावा. ‘ए’वर मात्रा दिली की ‘ऐ’ होतो, हे नव्याने शिकणाऱ्या मुलाला फार गोंधळात पाडते.

पहिल्या दिवसापासून अर्थ

दे, ने, घे. एकेका अक्षराचे हे तीन पूर्ण शब्द आहेत आणि तिन्ही काहीतरी करायला सांगतात. त्यांच्या चिठ्ठ्या कराव्यात. चिठ्ठी दाखवायची, बोलायचे नाही. ‘घे’ वाचणाऱ्याने टोपलीतून खडू घ्यायचा, ‘दे’ वाचणाऱ्याने तो शेजाऱ्याला द्यायचा. ‘ये’ मात्र शेवटी घ्यावा, कारण तो ‘ए’सारखाच ऐकू येतो. वाचल्यामुळे काहीतरी घडते, हा अनुभव मुलाला इथे पहिल्यांदा मिळतो.

तसेच एक–अनेक. आंबा–आंबे, ससा–ससे, घोडा–घोडे, डोळा–डोळे. शेवटी ‘ए’ आला की वस्तू वाढल्या, हे मुले स्वतःच शोधून काढतात. व्याकरणाचे नाव काढायची गरज नाही.

केळं की केळे?

इथे एक सावधगिरी हवी. मूल घरी ‘केळं’ म्हणते, ‘पाणी आणलं’ म्हणते, पुस्तकात ‘केळे’, ‘आणले’ असते. काही भागांत ‘इथं’, ‘पुढं’ म्हणतात, पुस्तकात ‘इथे’, ‘पुढे’. एसटीच्या पाटीवर ‘धुळे’ असते आणि गाडीतला म्हातारा ‘धुळ्याला जायचंय’ म्हणतो. अशा शब्दात ‘ए’ शोधायला सांगितले तर मूल आपल्या कानाशी प्रामाणिक राहून ‘नाही’ म्हणेल. त्याला ‘चूक’ म्हटले तर आपण त्याच्या कानावरचा आणि आईच्या भाषेवरचा, दोन्हींवरचा त्याचा विश्वास घालवतो.

म्हणून सुरुवातीच्या यादीत हे शब्द घेऊ नयेत. ‘फुगे’, ‘ससे’ यांत बोलणे आणि लिहिणे एकच आहे, ते आधी घ्यावेत. पुढे ‘केळे’ आला की सरळ सांगावे, “आपण बोलताना केळं म्हणतो, पुस्तकात पुष्कळदा केळे लिहितात. दोन्ही आपलेच.” मुलांना हे पटते. सीमाभागात घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारी मुले असतील, तर त्यांच्या भाषेत ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ अशी दोन वेगळी अक्षरे आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणूनच शब्दांची यादी पुस्तकातून न घेता वर्गातूनच गोळा करणे उत्तम. ज्या मुलीने ‘शेत’मध्ये ‘ए’ नाही असे सांगितले होते, तिच्या गटाने आठवड्याभराने आम्हाला आपली यादी दाखवली. तीत शेत होते, शेण होते, बैलाच्या गळ्यातली वेसण नव्हती, पण नाकातली होती. “गळ्यात नाही, नाकात असते,” हे आम्हाला तिनेच समजावले. प्रत्येक शब्दावर काड्या अगदी बरोबर होत्या.

हा खेळ तुमच्या वर्गात करून पाहा. तुमच्या गावच्या मुलांनी ‘ए’चे कोणते शब्द आणले आणि कुठे अडखळली, ते आम्हाला जरूर कळवा. पुढे ‘ओ’कडे वळण्यापूर्वी त्या याद्या आम्हाला वाचायच्या आहेत.