आशा पुथली ऐकल्या नसतील तर आज ऐकाच!

मंडळी, आपल्या न्हावऱ्यात वरातीला जुन्या गाण्याचा तुकडा उचलून, त्यावर नवा ठेका टाकलेली रिमिक्स दणक्यात वाजतात ना? न्यूयॉर्कच्या रॅपवाल्यांनी हेच एका मुंबईकर बाईंच्या गाण्याचं केलं!

आशा पुथली. जन्म १९४५चा, मुंबईतला. हिंदुस्थानी शास्त्रीय गाणं शिकल्या, साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत पोचल्या. १९७१ साली ऑर्नेट कोलमन या जॅझच्या बड्या असामीने ‘सायन्स फिक्शन’ अल्बमसाठी त्यांच्याकडून दोन गाणी गाऊन घेतली. ती सोपी नाहीत. सुरुवातीला सूर कुठे चाललाय तेच कळत नाही, पण बाई ढळत नाहीत! रियाज म्हणतात तो हाच.

स्वतःचा पहिला पॉप अल्बम मात्र १९७३ला लंडनहून आला. मग १९७६चा ‘द डेव्हिल इज लूज’. त्यातलं ‘स्पेस टॉक’ न्यूयॉर्कच्या डिस्कोवाल्यांनी उचलून धरलं. आवाज इतका हलका की कानात कुजबुजल्यासारखा, खाली बेस मात्र ठणठणीत. १९९७ला न्यूयॉर्कच्याच नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या गाण्यात ‘स्पेस टॉक’चाच तुकडा आला.

डिस्को झकास आहे, पण माझं मत जॅझलाच. आधी कोलमनच्या त्या दोन गाण्यांतलं ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ लावा, तेही हेडफोनवर. मोबाईलच्या स्पीकरवर मजा नाही.