कानात कुणीतरी बोलतंय? स्किझोफ्रेनियात मेंदूचं नेटवर्क कुठे गडबडतं

व्हिडिओ कॉलवर कधी तुमचंच 'हॅलो' थोड्या वेळाने परत ऐकू आलंय? समोरच्याच्या फोनच्या स्पीकरमधून निघालेला तुमचा आवाज त्याच फोनच्या माइकमध्ये शिरतो, म्हणून असं होतं. एरवी होत नाही, कारण स्पीकरला कोणता आवाज पाठवला हे फोनला माहीत असतं आणि माइकमधून येणाऱ्या आवाजातून तो तेवढा वजा करतो. याला म्हणतात इको कॅन्सलेशन.

आपला मेंदूही काहीसं असंच करतो. आणि ते नीट झालं नाही तर काय होतं, हे समजलं की स्किझोफ्रेनियाबद्दलचे बरेच गैरसमज दूर होतात.

'हा आवाज माझाच' हे मेंदूला कसं कळतं?

तुम्ही बोलायला लागता तेव्हा मेंदूचा बोलण्याचा भाग ऐकण्याच्या भागाला आधीच कळवतो, 'आता येईल तो आवाज आपलाच आहे.' त्यामुळे ऐकण्याचा भाग स्वतःच्या आवाजाला कमी प्रतिसाद देतो. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, त्यामागेही अशीच आगाऊ सूचना असते.

स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये ही सूचना कमजोर पडते, असं ईईजी तपासण्यांमध्ये दिसलं आहे. ईईजी म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत बदल टिपणं. मग मनातलाच विचार 'माझा' या लेबलशिवाय पोचत असेल, तर तो दुसऱ्या कुणाचा तरी आवाज वाटू शकतो. आवाज का ऐकू येतात, याचं हे एक महत्त्वाचं स्पष्टीकरण मानलं जातं. म्हणजे तो माणूस नाटक करत नसतो. त्याला खरंच ऐकू येत असतं.

लय कशी बिघडते?

मेंदूच्या पेशी एकेकट्या काम करत नाहीत, लयीत एकत्र काम करतात. सेकंदाला साधारण ३० ते ८० वेळा होणाऱ्या वेगवान लहरींना गॅमा लहरी म्हणतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लोकांना सेकंदाला ४० वेळा 'टिक टिक' ऐकवली गेली. निरोगी लोकांचा मेंदू त्या ठेक्याला धरून चालला. स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये मात्र ४० च्या ठेक्याला मिळणारा प्रतिसाद कमी होता.

ढोल-ताशा पथक आठवा. ताशा लय धरतो, ढोल त्यावर वाजतात. ताशाच डळमळला तर एकही ढोल फुटलेला नसताना वादन विस्कटतं. मेंदूत ताशाचं काम बऱ्याच अंशी इतर पेशींना आवर घालणाऱ्या काही खास पेशी करतात. या आजारात त्यांचंच काम ढिलं पडतं, असं संशोधक मानतात.

कार्ल फ्रिस्टन आणि ख्रिस फ्रिथ यांनी १९९५ मध्ये हेच मांडलं होतं: बिघाड मेंदूच्या एखाद्याच भागात शोधू नका, भागांमधल्या जोडणीत शोधा. पुढे एमआरआय स्कॅनमध्येही काही जोडण्या कमकुवत, तर काही जास्तच घट्ट दिसल्या.

मग हेडबँड लावून निदान होईल का?

नाही! वर सांगितलेले फरक गटांच्या सरासरीत दिसतात. एकट्या माणसाचा ईईजी पाहून 'हा स्किझोफ्रेनिया' असं सांगता येत नाही, मग एखादं ॲप कुठून सांगणार? निदान मानसोपचारतज्ज्ञच करतात, नीट बोलून आणि लक्षणं पाहून. आणि हो, स्किझोफ्रेनिया म्हणजे 'एका माणसात दोन माणसं' नव्हे.

हे तुम्हाला का माहीत हवं?

कारण हा आजार बहुतेक वेळा विशीच्या आसपास सुरू होतो. जगात सुमारे ३०० लोकांमागे एकाला तो असतो. मित्र एकटा राहू लागला, 'सगळे माझ्यावरच नजर ठेवून आहेत' म्हणू लागला, कुणी नसताना उत्तरं देऊ लागला, तर तिकडे दुर्लक्ष करू नका. मांत्रिकाकडे महिने घालवू नका, उपचार जितके लवकर तितका फायदा जास्त. औषधांनी अनेकांचे आवाज कमी होतात किंवा थांबतात, पण बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानेच बंद करायच्या नाहीत. गांजाने धोका वाढतो, हेही लक्षात ठेवा.

सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.

आणि मित्राशी बोलताना 'कुठे काय आवाज येतोय, वेडा आहेस का?' असं म्हणू नका. त्यापेक्षा म्हणा, 'मला नाही ऐकू येत, पण तुला येतंय आणि त्रास होतोय हे कळतंय. चल, आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ.'