आतडे मेले की नुसते गुदमरले?

कल्पना करा, कावेरीच्या खोऱ्यातला पन्नाशीचा एक शेतकरी. जांघेतली हर्नियाची गाठ आडवे पडले की आपोआप आत जायची, म्हणून त्याने ती कधी मनावर घेतली नाही. एके दिवशी भाताचे पोते उचलताना गाठ बाहेर आली ती आत जाईना. कळा, उलट्या, पोट फुगलेले. घरच्यांनी तेल चोळले, शेक दिला. तंजावूरच्या मोठ्या इस्पितळात पोहोचेपर्यंत रात्र सरली होती. शस्त्रक्रियेत सर्जनच्या हाती आला तो आतड्याचा हातभर लांबीचा, जांभळा-काळा वेढा. अरुंद फटीत आवळला गेल्याने त्याचा रक्तपुरवठाच तुटला होता.

हा तुकडा कापायचा की ठेवायचा? मेलेले आतडे पोटात राहिले तर ते फुटते, घाण पसरते आणि जिवावर बेतते. भीतीपोटी जास्त कापावे, तर तेही महागात पडते. मोठ्या माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. त्यातले २ मीटरहून कमी उरले, तर खाल्लेले अंगी लागेनासे होते आणि काहींना शिरेतून पोषण घेत दिवस काढावे लागतात.

म्हणून सर्जन आधी आवळलेली जागा सैल करतात. आतड्याभोवती कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या घड्या गुंडाळतात, भूलतज्ज्ञ जास्त प्राणवायू देतात आणि सगळे दहा-पंधरा मिनिटे थांबतात. एरवी भराभर चालणाऱ्या हातांना ही मिनिटे फार लांब वाटत असतील! मग घड्या काढून पाहायचे. काळपटपणा जाऊन गुलाबी रंग आला का? ओली चकाकी दिसते का? आतड्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या बोटाखाली उडतात का? हलकेच चिमटा घेतला तर आतडे आळोखेपिळोखे देते का? ही लक्षणे दिसली तर आतडे बहुधा वाचते. तरीही डोळे फसवतात. रक्त तुटले की आतड्याचे आतले अस्तर आधी मरते आणि बाहेरून ते बराच वेळ ठीकठाक दिसू शकते.

बाहेर आलेले आतडे कोरडे पडू द्यायचे नाही, हे सुश्रुतालाही ठाऊक होते. ते दुधाने धुऊन, तूप लावून आत सारावे, असे सुश्रुतसंहिता सांगते. फाटलेल्या आतड्याच्या कडा मुंगळ्यांकडून चावून घेऊन जोडण्याची युक्तीही तिच्यात आहे. तंजावूरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एकत्र आणले. त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी आजही जपलेल्या आहेत. पोट उघडणे मात्र तेव्हा जवळपास अशक्यच होते, कारण ईथरच्या भुलेचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक झाले ते १८४६ साली.

तंजावूर वैद्यकीय महाविद्यालय १९५९ साली सुरू झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत इंडोसायनिन ग्रीन या हिरव्या रंगद्रव्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. ते घडवले होते कोडॅक या फोटोच्या कंपनीने! आधी ते हृदय आणि यकृताच्या तपासणीसाठी वापरत. आता ते शिरेतून टोचून खास कॅमेऱ्याने आतडे पाहतात. रक्त पोहोचते तो भाग उजळतो, बाकीचा अंधारात राहतो. पण हा कॅमेरा महाग आहे आणि उजळलेला प्रत्येक भाग वाचेलच, अशी हमी तोही देत नाही.

तरीही शंका उरलीच, तर एक जुना मार्ग आहे. निश्चित मेलेला भाग काढायचा, संशयित भाग ठेवायचा आणि २४ ते ४८ तासांनी पोट पुन्हा उघडून पाहायचे. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना हे पटवणे सर्वांत अवघड. पहिली शस्त्रक्रिया फसली, असेच त्यांना वाटते. खरे तर दुसरी पाहणी पहिल्याच वेळी ठरलेली असते. त्या मधल्या एका दिवसात सावरलेले आतडे वाचते आणि तेवढी लांबी रोग्याच्या पदरात राहते.

हर्नियाची गाठ अचानक आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या आणि वारा सरणे थांबले, तर चोळू नये, जोराने आत दाबू नये, एरंडेल देऊ नये. रुग्णाला काही खायला-प्यायला न देता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे, रात्र असली तरी. रक्त पूर्ण तुटलेले आतडे अवघ्या सहा तासांतही कायमचे जाऊ शकते.