माफ केलं, पण बरं वाटलं का?

'क्षमा' हा विषय घेऊन प्रपोजल लिहायला बसलात की पहिला प्रश्न बहुतेक हाच सुचतो: माणसं माफ कधी करतात? प्रश्न चांगलाच आहे. पण त्यात एक गृहीतक लपलेलं असतं, की माफ करणं हे माफ करणाऱ्याच्या भल्याचंच असतं. ते तपासायचं असेल तर सिएरा लिओनमधला एक अभ्यास जरूर वाचा.

तिथलं यादवी युद्ध १९९१ ते २००२ चाललं. अत्याचार करणारे कित्येकदा गावातलेच होते, आणि युद्ध संपल्यावर दोन्ही बाजूंना पुन्हा शेजारी राहावं लागलं. 'फाम्बुल टोक' ही संस्था अशा गावांत लोकांना शेकोटीभोवती जमवते. ज्यांनी सोसलं ते बोलतात; ज्यांनी केलं ते कबुली देऊन माफी मागतात. पैशांची भरपाई नाही, शिक्षाही नाही.

सिलियर्स, दुबे आणि सिद्दीकी या संशोधकांनी २०० गावं घेतली. त्यातल्या कुठल्या १०० गावांत कार्यक्रम करायचा हे रँडम पद्धतीने ठरलं. हे कशासाठी? मुळातच सलोखा असलेली गावं आपणहून पुढे आली असती, तर पुढच्या बदलाचं श्रेय कार्यक्रमाला द्यायचं की आधीच्या सलोख्याला, हे कळलंच नसतं.

निकाल २०१६ साली 'सायन्स'मध्ये आले. कार्यक्रम झालेल्या गावांत क्षमा वाढली, विश्वास वाढला, लोक गावाच्या कामाला जास्त हातभार लावू लागले. इथेच थांबले असते तर पेपर छान गोड झाला असता! पण त्यांनी मानसिक आरोग्यही मोजलं होतं. त्याच गावांत नैराश्य, चिंता आणि पीटीएसडीची लक्षणंही वाढलेली निघाली. दोन्ही परिणाम जवळजवळ तीन वर्षं टिकले.

आता घाई करू नका. 'क्षमेमुळे त्रास झाला' असं यावरून म्हणता येत नाही. जुनं सगळं चारचौघांत बोलणं, कबुली ऐकणं, माफ करणं हे एकाच कार्यक्रमात आलं होतं. त्यातलं नेमकं काय लागलं हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही. मला तरी आठवणी उकरल्या जाण्याचा वाटा मोठा वाटतो, पण तो माझा अंदाज.

म्हणून प्रपोजलमध्ये 'आउटकम' लिहिताना थोडं थांबा. तो कोणासाठी मोजताय, गावासाठी की सोसलेल्या माणसासाठी? आणि त्या माणसाला पुन्हा कधी विचारणार आहात, दुसऱ्या दिवशी की दोन वर्षांनी?